लांब हाताची बाही: मापापासून मुंढ्यापर्यंत

"बाही वर चढायली बघा." लांब हाताचं गिऱ्हाईक दुकानात येतं ते बहुतेक हेच वाक्य घेऊन. अंगात ४४ नंबरचा रेडिमेड शर्ट, पोटापाशी पोत्यासारखा फुगलेला, आणि मनगटाचं हाड तरीही उघडंच. यावर सोपा इलाज म्हणून बरेच कारागीर वहीत बाहीपुढे दोन इंच वाढवून लिहितात आणि कात्री चालवतात. पंधरा दिवसांत तो शर्ट पुन्हा काउंटरवर. हात खाली सोडला की बाही तळहातावर लोंबते, मोटारसायकलचं हँडल धरलं की परत मनगटाच्या वर जाते. दोन इंच दिले खरे, पण चुकीच्या जागी दिले.

परभणी-हिंगोलीकडे शर्ट शिवून घेणारी माणसं अजून आहेत, आणि त्यात सडपातळ अंगाची, लांब हातांची गिऱ्हाइकं बरीच. रेडिमेडवाल्यांनी ज्यांना वाऱ्यावर सोडलं तीच आमच्याकडे येतात म्हणा ना. कारण साधं आहे. रेडिमेडचा नंबर छातीवर चालतो. ४० चा ४२ झाला की घेर दोन इंचांनी वाढतो, बाही मात्र पाव ते अर्धा इंचच. दीड इंच जादा बाही हवी म्हणून माणूस तीन-चार नंबर वर गेला तर छाती सहा-आठ इंचांनी सैल होते. त्यात मोठ्या नंबरचा तीरा, म्हणजे शर्टाचा खांद्यावरचा भाग, रुंद; तो खांद्यावरून दंडावर घसरतो. आरशासमोर उभं राहिलं की वाटतं, बाही पुरली. हात पुढे केला की घसरलेला तीरा वर ओढला जातो आणि ती पुरलेली बाही गायब होते.

आमचं पहिलं काम माणूस मोजण्याचं नसतं, टेप मोजण्याचं असतं. वर्षभर गळ्यात लटकलेली टेप घामाने आणि ओढाताणीने वाढते. ६० इंचांत पाव-अर्धा इंच सहज. अशी टेप माप कमी दाखवते. मापही त्याच टेपने आणि कटिंगही त्याच टेपने केलं तर चूक चुकीला खाते, काही कळत नाही. पण कटिंग टेबलावरच्या पट्टीने केलं की बाही आखूड निघते आणि दोष कापडावर जातो. महिन्यातून एकदा लोखंडी पट्टीशी टेप जुळवून बघायची, फरक दिसला की फेकून द्यायची.

हात खरंच लांब आहेत की फक्त शर्ट आखूड आहे, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी वाव मोजतो, म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. दुकानात भिंतीचा कोपरा असला की एकट्यालाही हे जमतं. चपला काढून, टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं करायचं. एका हाताचं मधलं बोट कोपऱ्यातल्या आडव्या भिंतीला टेकलं पाहिजे. दोन्ही हात बरोबर खांद्याच्या उंचीला, तळवे पुढे. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या टोकाशी खडूची खूण करायची, नख धरायचं नाही. मग माणसाला बाजूला घेऊन कोपऱ्यापासून खुणेपर्यंत भिंतीवरून सरळ टेप लावायची. छातीवरून टेप फिरवली की छातीचा फुगवटा मोजला जातो आणि वाव उगाच वाढतो. हात खांद्याखाली झुकला तर वाव कमी भरतो. पाच मिनिटं हात वर धरून ठेवले की तो झुकतोच, म्हणून खूण पटकन करायची. उंचीही त्याच वेळी घ्यावी. माणूस सकाळी जरा उंच असतो, दिवसभर उभं राहून, बसून मणक्यामधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर उंची कमी होते. सकाळची उंची आणि संध्याकाळचा वाव यांचा भागाकार करण्यात अर्थ नाही.

वाव आणि उंची साधारण सारखी असते ही गोष्ट फार जुनी. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने ती लिहून ठेवली आणि लिओनार्दो दा विंचीने सुमारे १४९० मध्ये वर्तुळ-चौकोनातला माणूस काढून ती जगाच्या डोळ्यांसमोर ठेवली. प्रत्यक्षात मोठ्या पुरुषांचा वाव उंचीपेक्षा थोडा जास्तच भरतो. १७२ सेंमी उंची आणि १७६ सेंमी वाव, म्हणजे गुणोत्तर १.०२, यात विशेष काही नाही. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स १९३ सेंमी उंच, त्याचा वाव २०१, म्हणजे १.०४. १.०५ च्या पुढे गेलं की हात खरोखर लांब धरायचे. १७८ उंचीला १८९ वाव असेल तर १.०६ येतं. अशा माणसाला रेडिमेड शर्ट कुठल्याच नंबरचा बसणार नाही, हे दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगावं.

पण नुसत्या या आकड्यावर कात्री चालवू नये. वावात खांद्यांची रुंदीही येते. तालमीतला गडी उभा करा, वाव उंचीच्या वर जाईल, आणि हात मात्र बेताचे निघतील. त्याचं सगळं माप तीऱ्यात आहे. त्याला लांब बाही शिवली तर ती फुकट जाईल. म्हाताऱ्या माणसांचं आणखी वेगळं. वय झालं की पाठीला बाक येतो, मणके खचतात, उंची घटते. हाताची हाडं तेवढीच राहतात. सत्तरीतल्या आजोबांचा वाव उंचीपेक्षा बराच जास्त येतो तो यामुळे. उभंच राहता न येणाऱ्या रुग्णाची उंची डॉक्टर वावावरून अंदाजतात ते याच हिशोबाने. आजोबांच्या नेहरू शर्टात बाही जुन्या मापाचीच ठेवायची आणि मागची लांबी एक-दीड इंच वाढवायची, नाहीतर मागून शर्ट कमरेवर चढतो आणि पुढून लोंबतो.

इथे गिऱ्हाईक हमखास विचारतं, "म्हणजे आम्ही आजानुबाहू का?" नाही. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. गंमत म्हणून हिशोब करून बघण्यासारखा आहे. सरासरी बांध्याचा माणूस सरळ उभा राहून हात सोडतो तेव्हा त्याच्या बोटांची टोकं जमिनीपासून उंचीच्या ३७-३८ टक्क्यांवर असतात, म्हणजे मांडीच्या मध्याजवळ. गुडघा साधारण २८ टक्क्यांवर. १७० सेंमीच्या माणसात हे अंतर १५-१६ सेंमी पडतं. गुडघ्याला बोटं लागायची तर प्रत्येक हात सहा इंच जास्त हवा, वाव २०० सेंमीच्या वर जाईल आणि गुणोत्तर १.१८ च्या घरात. दुकानात असा माणूस येत नाही. तो बघायचा तर वेरूळला जायचं. तिथल्या ३२ नंबरच्या लेण्यात, इंद्रसभेत, अंगाला वेली वेढलेला बाहुबली हात खाली सोडून उभा आहे. लांब बाहू हे महापुरुषाचं लक्षण मानलं गेलं. शिल्पकाराचं मापच वेगळं: चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, एका तालाचे १२ अंगुळं, नवतालाची मूर्ती १०८ अंगुळांची. आमच्या टेपवर ते उतरत नाही.

आता बाहीचं माप. इथेच बहुतेकांचं चुकतं. हात सरळ खाली सोडून खांद्यापासून मनगटापर्यंत एका झटक्यात टेप लावली की एक ते दीड इंच कमी भरतो, कारण कोपर वाकला की बाहेरच्या बाजूची वाट लांब होते. आधी खांद्याच्या टोकाचं हाड बोटाने शोधायचं. माणसाला हात थोडा वर-खाली करायला लावला की दंड हलतो आणि ते टोक जागेवर राहतं; तिथे खडूचा ठिपका. मग हात कमरेवर ठेवायला सांगायचं, कोपर जरासा वाकलेला. टेप ठिपक्यापासून कोपराच्या टोकापर्यंत, तिथे अंगठ्याने दाबून धरायची, तिथून करंगळीच्या बाजूच्या मनगटाच्या हाडापर्यंत, आणि पुढे एक इंच. वहीत दोन आकडे वेगळे लिहायचे. साडेपाच फुटांच्या साधारण माणसाचे ते १३.५ आणि १०.५ असे येतात, बाही २४. लांब हाताच्या माणसाचे १५ अधिक १२ येतील, बाही २७. पण दुसऱ्या एकाचे १३.५ अधिक १३ येतील, त्याची सगळी लांबी कोपराखाली. दोघांची बेरीज जवळपास सारखी, शर्ट मात्र पूर्ण वेगळे. दोन्ही हात मोजायचे. मोंढ्यात एकाच खांद्यावर पोती वाहणाऱ्या हमालाचा एक खांदा उतरलेला असतो. त्या बाजूची बाही अर्धा इंच खाली दिसते. तिथे बाही कमी करायची नाही, त्या बाजूचा तीरा उतरता कापायचा.

(मोंढा म्हणजे धान्याचा बाजार आणि मुंढा म्हणजे बाही बसते ती बगलेची गोलाई. नवीन पोराला दुकानात "मुंढा मोठा झालाय" म्हटलं की तो बाजारभाव सांगायला लागतो.)

कफसाठी मनगटाचा घेर घेताना एक गोष्ट आम्ही मुद्दाम बघतो, आणि ती शिवणकामाबाहेरची आहे. लांब हातांच्या पोराला सांगायचं, एका हाताचा अंगठा आणि करंगळी दुसऱ्या मनगटाभोवती गुंडाळ. अंगठा करंगळीच्या नखावर पूर्ण चढला तर ती एक खूण. मग अंगठा तळहातात घालून मूठ मिटायला सांगायचं. अंगठ्याचं शेवटचं पेर करंगळीच्या बाजूने सगळंच्या सगळं बाहेर आलं तर दुसरी. या दोन्ही खुणा, सोबत वावाचं गुणोत्तर १.०५ च्या वर, छातीचं हाड आत खचलेलं किंवा कोंबडीसारखं पुढे आलेलं, पाठीचा कणा वाकडा, पाय सपाट, डोळ्याला जाड नंबरचा चष्मा, असं दोन-तीन एकत्र दिसलं की शर्ट शिवून देतो, पण डॉक्टरकडेही पाठवतो.

याचं नाव मार्फान सिंड्रोम. फ्रेंच डॉक्टर आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीची लांब, सडसडीत बोटं आणि हातपाय नोंदवले, त्यांच्यावरून हे नाव. १५ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड असतो, त्यामुळे शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या ऊतींना बळकटी आणि लवचिकपणा देणारं फायब्रिलिन नावाचं प्रथिन नीट बनत नाही. साधारण ५,००० माणसांत एकाला. आई किंवा बापाला असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता, आणि चारांतल्या एका रुग्णाच्या घरात आधी कुणालाच नसतो. डोळ्याचं भिंग सरकतं. खरा धोका हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला: ती मुळाशी फुगत जाते आणि एक दिवस आतून फाटू शकते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना बाकावर कोसळली आणि ३१ व्या वर्षी गेली. महाधमनी फाटली होती, आणि तिला मार्फान आहे हे मेल्यावर कळलं.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. डॉक्टरांच्या निदानाच्या तक्त्यात शरीरावरच्या खुणांचे एकूण २० गुण असतात, ७ किंवा त्याहून जास्त झाले तर दखल. मनगट आणि अंगठा या दोन्ही खुणांचे मिळून ३. लांब हातांचा फक्त १, तोही वरचं धड पायांच्या मानाने आखूड असेल आणि कणा फार वाकडा नसेल तरच. म्हणजे नुसते हात लांब असले तर काहीही नाही, चांगला गोलंदाज व्हावं. शंका असेल तर तपासण्या दोनच महत्त्वाच्या: टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी. संभाजीनगरची घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत विचारावं. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे आधी करावं. पोलीस भरतीत उंची १६५ सेंमी आणि छाती ७९, फुगवून ८४ एवढं मोजतात. हात कुणी मोजत नाही. पण मैदानात ७.२६० किलोचा गोळा फेकायचा असतो आणि त्यासाठी पोरं महिनोन्‌महिने वजनं उचलतात. फुगलेल्या महाधमनीला श्वास कोंडून मारलेला जोरच नको असतो.

परत कटिंगकडे. लांब बाहीचा फर्मा, म्हणजे ज्यावरून कापड कापतो तो कागदी नमुना, खालून वाढवायचा नाही. कारण बाही बगलेपासून कफपर्यंत निमुळती होत जाते आणि कोपराची रुंदी एका ठराविक उंचीवर धरलेली असते. नुसतं खाली तीन इंच जोडले की माणसाचा कोपर फर्म्याच्या कोपराखाली येतो, अरुंद जागी. वाकवला की कापड तिथे अडकतं आणि कफ वर ओढला जातो. कागदी फर्मा दोन ठिकाणी आडवा कापायचा, एकदा दंडाच्या मध्यावर, एकदा कोपर आणि कफच्या मध्ये. वहीतल्या दोन आकड्यांप्रमाणे जिथे जेवढी वाढ तिथे तेवढी फट ठेवून खाली दुसरा कागद चिकटवायचा, मग कडा सरळ रेषेत जोडून घ्यायच्या. १५ अधिक १२ वाल्याला दोन्हीकडे दीड-दीड इंच. १३.५ अधिक १३ वाल्याला वर काही नाही, सगळे अडीच खाली. लांबीतून कफची रुंदी वजा करायला विसरू नये. हे हसण्यासारखं वाटतं, पण घाईत होतं, आणि मग बाही अडीच इंच लांब निघते.

त्याहून मोठी गोष्ट मुंढ्याची. गिऱ्हाईक म्हणतं, बगलेत मोकळं ठेवा, हात वर करता आला पाहिजे. कारागीर मुंढा खोल कापतो. परिणाम उलटा. मुंढा जितका खाली, तितकी बाही धडाला खाली जोडलेली, आणि हात उचलला की ती सगळ्या शर्टाला घेऊन वर जाते. कमरेतून शर्ट निघतो, कफ मागे सरकतो. ३८ छातीच्या सडपातळ माणसाला रेडिमेडमध्ये साडेनऊ-दहाचा मुंढा मिळतो; आम्ही पावणेनऊ ठेवतो, बगलेला लागून, पण दाबणार नाही असा. बगलेत दोन बोटं सहज गेली की पुरे.

त्याच्या जोडीला बाहीचा माथा उतरवायचा. माथा म्हणजे बाहीच्या वरच्या टोकापासून बगलेच्या रेषेपर्यंतची उंची. नेहमीचा हिशोब छातीचा आठवा भाग, ३८ ला पावणेपाच. आम्ही तो पावणेचार करतो. बाहीची एकूण लांबी २७ च, पण आतली, बगलेकडची शिवण सव्वाबावीसऐवजी सव्वातेवीस होते. हात वर किंवा पुढे करताना खर्च होते ती ही आतली शिवण. तो एक इंच तिथे मिळाला की बाहेरून दोन इंच वाढवायची गरज राहत नाही. मुंढ्याची गोलाई तेवढीच ठेवायची असल्याने माथा उतरला की दंडात बाही आपोआप रुंद होते, तेही फायद्याचं. याची किंमत एकच: हात खाली सोडला की बगलेपाशी तिरप्या चुण्या पडतात. लग्नात फोटोसाठी उभं राहायचा शर्ट असेल तर माथा उंच ठेवावा, चुण्या नकोत. फळ्यावर लिहिणारे मास्तर, एसटीचे चालक, दिवसभर गाडीवर फिरणारे विक्री प्रतिनिधी यांना चुण्या चालतात. म्हणून माप घेण्याआधी धंदा विचारायचा. पाठीवर तीऱ्याखाली दोन्ही बाजूंना एकेक प्लीट (शिवलेली घडी) टाकली की हात पुढे जाताना पाठ ताणत नाही. मधोमध एकच बॉक्स प्लीट छान दिसते, पण ओढ खांद्याच्या पाळीकडे असते, मधोमध नसते.

कफ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. लांब हाताच्या माणसाचं मनगट बहुतेक वेळा बारीक असतं, सव्वासहा-साडेसहा इंच. नेहमीचा कफ बंद केल्यावर साडेनऊ भरतो, तो हातावरून खाली घसरतो, म्हणून बाही "लांब झाली" वाटते आणि गिऱ्हाईक ती कमी करायला लावतं. खरी दुरुस्ती कफ आवळण्याची. मनगटाचा घेर अधिक दोन इंच, घड्याळ बांधत असेल तर त्या हाताला अडीच. असा कफ मनगटावर अडतो आणि वरची जादा बाही त्याच्या वर थोडी गोळा होऊन राहते, हात पुढे गेला की तीच उलगडते. रुंदी अडीचऐवजी तीन इंच, दोन गुंड्या. कफच्या वरची बाहीची चीर साडेपाचऐवजी सात इंच आणि मध्ये एक छोटी गुंडी, नाहीतर चीर उघडी पडते आणि आतला हात दिसतो.

हाफ शर्टाबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. कोपराच्या साडेतीन इंच वर संपला की बरा दिसतो. दहाऐवजी साडेअकरा करावा लागतो इतकंच.

कापड. ५८ इंच पन्ह्याचा (रुंदीचा) शर्टपीस १.६० मीटरचा मिळतो. साध्या कापडात नीट मांडणी केली तर २७ ची बाही त्यात बसते, पण मग तीरा, कॉलर, कफ यांचे तुकडे उरलेल्या पट्टीतून कोंबावे लागतात आणि चूक झाली तर दुसरा तुकडा नाही. चौकडी किंवा एका दिशेच्या डिझाइनला तर बसतच नाही. १.८० सांगतो, चौकडीला दोन मीटर. ३६ पन्ह्याचं खादीचं असेल तर पावणेतीन मीटर आणावं. सुती कापड धुवून मगच कापायचं: रात्रभर साध्या पाण्यात, न पिळता सावलीत वाळवून, ओलसर असतानाच इस्त्री. सुती तीन टक्के आटलं तर २७ इंचांच्या बाहीत पाऊण इंच जातो, आणि आटतं ते उभ्या धाग्यात जास्त. बाहीची लांबी उभ्या धाग्यावरच असते. २३ च्या बाहीवाल्याला फरक जाणवत नाही, लांब हातवाल्याच्या मनगटाचं हाड लगेच उघडं पडतं.

चढत्या वयातल्या पोरांचं वेगळं बघावं लागतं. तेरा-चौदाच्या वयात आधी हातपाय वाढतात, धड मागून येतं. आईबाप काळजीत असतात की पोरगं नुसतं हातापायांचं झालंय. दोन-तीन वर्षांत धड गाठतं. अशा पोराच्या बाहीत कोपराच्या वर आतून पाऊण इंचाची दुमड धावदोऱ्याने घालून ठेवतो, म्हणजे उसवली की दीड इंच मिळतो. मात्र वर्षभर धुतल्यावर उसवलं तर दुमडीची रेघ दिसते, पांढऱ्यात कमी, निळ्या गणवेशात चांगलीच. ती इस्त्रीने जात नाही. ज्यांना रेघ चालत नाही त्यांनी वर्षाला नवीन शर्ट शिवावा.

तयार शर्टाची बाही वाढवा म्हणून येतात त्यांना स्पष्ट सांगतो: कफच्या आत दाब, म्हणजे शिवणीत ठेवलेलं जादा कापड, फार तर पाव-अर्धा इंच असतो, तेवढंच मिळेल. कफ काढून साडेतीन इंचांचा नवीन लावला तर आणखी इंच मिळतो, पण त्यासाठी त्याच कापडाचा तुकडा लागतो. शर्टाच्या खालच्या घेरातून काढला तर शर्ट आखूड. कोटाचं बरं असतं, बाहीत खाली दीड-दोन इंच दाब ठेवलेला असतो. पण बाहीच्या गुंड्यांना खरे काज पाडलेले असतील तर तोही मार्ग बंद, काज वरच राहतात. कोट घेताना काज पाडायच्या आधी बाही तपासून घ्यावी.

ट्रायल आरशासमोर घेत नाही. बाही बसवून, बाजूची टीप मारून, कफ फक्त धावदोऱ्याने टाचतो आणि गिऱ्हाइकाला बाहेर त्याच्याच गाडीवर बसवतो. दोन्ही हात हँडलवर, बोटं ब्रेक आणि क्लचवर. या अवस्थेत कफने मनगटाचं हाड झाकलं पाहिजे. मग उतरून हात सोडायला लावायचा. कफची कड अंगठ्याच्या मुळाशी थांबली पाहिजे, तळहातावर नाही. तिसरं, एक हात वर करून शटरची साखळी धरायला लावायची आणि कमरेत शर्ट किती निघाला ते बघायचं. इंच-दीड इंच चालतो. त्याहून जास्त निघाला तर मुंढा खोल गेलाय, आणि तो आता वर येत नाही; माथा आणखी पाव इंच उतरवून बाही पुन्हा बसवावी लागते, तेही बाहीला दाब ठेवला असेल तरच. म्हणून लांब हाताच्या पहिल्या शर्टाला मुंढ्याच्या कडेने पाऊण इंच दाब ठेवतो, इतरांना अर्धा. ट्रायल पास झाली की कफ पक्का, मग काजे-बटण.

वहीत शेवटी चार आकडे राहतात: खांदा ते कोपर, कोपर ते मनगट, मुंढा, माथा. शेजारी डाव्या-उजव्याचा फरक आणि घड्याळाचा हात. पुढच्या शर्टाला पुन्हा माप लागत नाही, कापड पाठवलं तरी चालतं. फक्त ते धुतलंय का, एवढं फोनवर विचारतो.